‘कासची रानफुलं’ म्हणून मिळाला सब्जा

‘कास पठाराची रानफुलं, २० प्रकार, कुंडीत लावा’ असं छापलेलं ३५० रुपयांचं पाकीट आम्ही ऑनलाइन मागवलं आणि फसलो. तुमचे पैसे जाऊ नयेत म्हणून हे लिहितोय.

बी पांढऱ्या कागदावर पसरलं, तर सारं मिळून तीनच जातीचं. थोडं पाण्यात टाकलं. काळ्या लांबट दाण्यांभोवती पाचेक मिनिटांत पांढुरका बुळबुळीत थर फुगला, म्हणजे सरळ सब्जा. दुसरी मोहरी. तिसरं तेरड्याचं, त्याला पुढे गुलाबासारखी भरगच्च फुलं आली. ती बागेतली जात. रानतेरड्याचं फूल एकेरी, गुलाबी, मागे बारीक वाकडी शेपटी असलेलं.

खरं तर फसवणूक पाकिटावरच दिसत होती. चित्रात कारवी होती, आणि कारवी फुलते सातव्या वर्षी. सीतेची आसवंही होती. ती कातळावरच्या पातळ, सतत ओल्या मातीत वाढतात, इवल्या फुग्यांत सूक्ष्म जीव पकडून जगतात. खतमातीच्या कुंडीत टिकत नाहीत. त्यात तक्रारीची मुदत ७ दिवस, आणि तेरडा उगवायलाच ८ ते १४ दिवस लागतात. खरी मेख इथे आहे. म्हणून पाकीट येताच उघडून फोटो काढा, चमचाभर बी भिजवा आणि त्याच दिवशी तक्रार टाका.

रानतेरडा हवा असेल तर बी विकत घ्यायची गरजच नाही. गौरीच्या दिवसांत बाजारात मुळासकट जुड्या येतात. खालच्या पेरांवर फुगलेली बोंडं असली तर तीच घ्या. गावाकडे बांधावरही मिळेल. कासवरून मात्र काहीही तोडू नका, तिथे मनाई आहे.

बी कागदी पुडीत कोरडं ठेवा. जूनमध्ये पहिल्या पावसानंतर ८ इंची कुंडीत दोन भाग माती, एक भाग शेणखत, एक भाग वाळू घालून ५-६ दाणे टाका, वर जेमतेम अर्धा सेंटिमीटर माती. चार पानं आली की एकच रोप ठेवा. तळाचं भोक तुंबलं तर बुंधा काळा पडून रोप आडवं होतं. तेरडा मरतो तो बहुतेक असाच. पाऊस ओसरल्यावर पानांवर भुरी, म्हणजे पांढरी पिठासारखी बुरशी, दिसली तर ती पानं लगेच काढा. पिकलं बोंड हात लागताच फुटून बी दूर उडतं, म्हणून हिरवेपणा उतरू लागला की त्यावर मलमलची पिशवी बांधा.