रोजच्या ध्यानासाठी काय निवडावं: इगतपुरी, जपमाळ की अ‍ॅप?

ध्यान सुरू करायचं ठरवलं की आपल्याकडे साधारण तीन वाटा दिसतात: विपश्यनेचं (अंगातल्या संवेदना तटस्थपणे पाहण्याच्या ध्यानाचं) दहा दिवसांचं शिबिर, घरी माळेवर नामजप, नाहीतर मोबाइलवरचं अ‍ॅप. मी त्यांना एकच कसोटी लावतो. लेकराला ताप आहे, लोकल उशिरा आली, घरात पाहुणे आहेत, अशा दिवशीही बसणं होईल का?

सत्यनारायण गोएंका १९६९ पासून भारतात विपश्यना शिकवू लागले. इगतपुरीचं धम्मगिरी हे त्या परंपरेचं मोठं केंद्र. पहाटे चारला घंटा, दिवसाकाठी दहा तासांच्या आसपास साधना, आर्य मौन म्हणजे बोलणं आणि खाणाखुणाही बंद, फोन जमा. पहिले तीन दिवस फक्त आनापान, म्हणजे नाकपुड्यांपाशी येणारा-जाणारा श्वास जसा आहे तसा पाहणं. फी नाही, राहण्याजेवण्याचा खर्च जुन्या साधकांच्या दानातून चालतो. इतक्या खोलवर नेणारं दुसरं काही या यादीत नाही, हे मी मनापासून सांगतो. अडचण घरी आल्यावर सुरू होते. सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास बसा, असं तिथे सांगतात. दोन खोल्यांच्या घरात, रोजचे तीन तास प्रवासात जाणाऱ्या माणसाला ते जड जातं, आणि दोन तास जमत नाहीत म्हणून तो दहा मिनिटंही सोडून देतो. जवळपास आठवड्याची सामूहिक साधना होत असेल आणि तुम्ही तिथे खरोखर जाणार असाल, तर गोष्ट वेगळी. मानसिक आजाराची औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांशी बोला आणि केंद्राच्या अर्जात ते स्पष्ट लिहा.

जपमाळेला लोक फार हलक्यात घेतात. १०८ मणी, वर मेरुमणी, म्हणजे माळ जिथे सुरू होते आणि संपते तो वेगळा मणी. अंगठा आणि मधलं बोट, तर्जनी बाजूला. मेरू ओलांडायचा नाही, तिथून माळ उलटी फिरवायची. ‘श्रीराम जय राम जय जय राम’ हा त्रयोदशाक्षरी मंत्र सावकाश म्हटला तरी एक माळ साधारण दहा मिनिटांच्या आत होते. सवय टिकायला जे लागतं ते सगळं यात आहे: सुरुवात ठरलेली, शेवट ठरलेला, हाताला काम, आणि मन भरकटलं तरी बोटाखालचा मणी परत आणतो. घड्याळ लागत नाही. बसमध्येही होतं, दवाखान्याच्या बाकावरही होतं. गोंदवल्याच्या ब्रह्मचैतन्य महाराजांनी संसारी माणसांना नामाचाच आग्रह धरला, त्यामागे मला ही सोयही दिसते. देवाचं नाव घ्यायला मन तयार नसेल तर मात्र ओढूनताणून करू नका. तेवढाच वेळ श्वास मोजा, एक ते दहा, पुन्हा एक.

अ‍ॅप पहिल्या काही आठवड्यांपुरतं उपयोगी, विशेषतः कसं बसायचं हे सांगणारं कुणी नसेल तर. इनसाइट टायमरवर बरंच काही मोफत आहे, नुसती घंटाही लावता येते. पण फोन हातात आला की व्हॉट्सअ‍ॅपही आलं. शिवाय अ‍ॅप मोजत असलेला सलग दिवसांचा आकडा एकदा तुटला की माणूस खट्टू होतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली यांच्या ९६ जणांवरच्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, माणसागणिक १८ ते २५४. आणि मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही.

म्हणून नवख्या माणसाला मी माळ किंवा श्वास सुचवेन, रोज एकाच कामाला जोडून: आंघोळ झाली की, किंवा संध्याकाळी दिवा लावला की. दोन-तीन महिने हे जमलं की इगतपुरीचा अर्ज भरा. मात्र शिबिराच्या काळात जप बाजूला ठेवायला सांगतात, तेवढी मनाची तयारी हवी. त्याआधी आनापानाची ओळख करून घ्यायची असेल तर गोराईच्या ग्लोबल विपश्यना पॅगोडात नवख्यांसाठी छोटी सत्रं असतात. बोरिवलीहून गोराई खाडीच्या जेट्टीवर बोट मिळते.