पाळीच्या कपावरील मापाच्या खुणा

योनीत बसवून स्राव साठवणाऱ्या मासिक पाळीच्या कपामुळे पॅडचा खर्च वाचतो, कचरा कमी होतो आणि उन्हाळ्यात मांड्यांना पुरळ उठत नाही, हे आतापर्यंत अनेकींनी लिहिले आहे. मला व्हॉन विलेब्रँड विकार आहे. जखमेच्या जागी प्लेटलेट्सना चिकटून राहायला मदत करणारे प्रथिन माझ्या रक्तात कमी आहे. अशा स्त्रीच्या दृष्टीने या कपातील सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे त्याच्या भिंतीवर उमटवलेल्या मिलिलिटरच्या खुणा, आणि हे परीक्षण मुख्यतः त्या खुणांचे आहे. कोणत्याही एका कंपनीची शिफारस मी करत नाही. पुण्यात औषधांच्या दुकानांत किंवा ऑनलाइन साधारण 300 ते 500 रुपयांना मिळणारा, वैद्यकीय दर्जाच्या सिलिकॉनचा, मोठ्या आकाराचा आणि खुणा असलेला कप डोळ्यांसमोर ठेवून वाचावे.

या खुणांचे महत्त्व कळण्यासाठी दवाखान्यात काय घडते ते आधी सांगायला हवे. ‘अंगावरून फार जाते’ असे बाई सांगते, डॉक्टर ‘किती?’ असे विचारतात, आणि तिच्याकडे उत्तर नसते. पॅड किती वेळा बदलला हे सांगता येते, पण तो आकडा पॅडच्या आकारावर, सवयीवर आणि ऑफिसात किंवा शाळेत उठायची मुभा मिळते की नाही यावर अवलंबून असतो. शहरातील एका दवाखान्यात मला वर्षानुवर्षे लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या जात होत्या. हिमोग्लोबिन चढायचे, काही महिन्यांत पुन्हा उतरायचे, आणि ते जाते कुठे हा प्रश्न कुणी विचारत नव्हते. घरी आई आणि मावशी समजूत घालत, ‘आपल्याकडे सगळ्यांचे असेच असते गं.’ त्या प्रेमाने बोलत होत्या, परंतु या विकाराचे बहुतेक प्रकार आईकडून किंवा वडिलांकडून, दोघांपैकी एकाकडूनही, मुलांत उतरू शकतात, त्यामुळे त्यांचे ते वाक्य म्हणजेच डॉक्टरांना हवा असलेला कौटुंबिक इतिहास होता. फिनलंडचे डॉक्टर एरिक फॉन विलेब्रँड यांनी 1926 मध्ये ज्या कुटुंबावरून या आजाराचे पहिले वर्णन केले, त्या कुटुंबातील मुलगी तेराव्या वर्षी, तिच्या चौथ्याच पाळीच्या रक्तस्रावात दगावली. या आजाराची वैद्यकातील नोंदच एका मुलीपासून सुरू होते, आणि तरीही रक्त न थांबण्याचा आजार म्हटला की अजून आपल्याकडे हिमोफिलिया असलेला मुलगाच आधी आठवतो.

आता कपाविषयी. माझ्या कपाच्या आतल्या बाजूला 5 मिलिलिटरच्या अंतराने आडव्या रेषा आहेत. कप काढायचा, सरळ धरायचा, कोणत्या रेषेपर्यंत भरला आहे ते पाहायचे, रिकामा करायचा आणि वेळेसह आकडा लिहून ठेवायचा, एवढेच काम असते. माझ्या वहीतील दुसऱ्या दिवसाचे एक पान असे आहे: पहाटे पाच वाजता 25, काठापर्यंत, सकाळी आठला 20, साडेदहाला 25, मोठ्या गाठींसह, दुपारी एकला 20. ते पान पाहून रक्तविकारतज्ज्ञ बाईंनी पुढचा प्रश्न न विचारता व्हॉन विलेब्रँड घटकाची, म्हणजे वर सांगितलेल्या त्या प्रथिनाची, पातळी आणि त्याची क्रिया या दोन्ही तपासण्या लिहून दिल्या. त्याआधी इतर ठिकाणी माझी बीटी-सीटी, म्हणजे रक्त थांबायला आणि गोठायला किती वेळ लागतो याची तपासणी, झाली होती, प्लेटलेट्स मोजून झाल्या होत्या, आणि सगळे ‘नॉर्मल’ आले होते. सौम्य विकारात या साध्या चाचण्या नॉर्मल येऊ शकतात, त्यामुळे त्यांच्या भरवशावर विकार नाही असा निर्वाळा देता येत नाही. शिवाय ताण, ताप, गरोदरपण आणि इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या यांमुळे या घटकाची पातळी तात्पुरती वाढते, तर ओ रक्तगटाच्या लोकांत ती मुळातच काहीशी कमी असते. म्हणून एकदा अहवाल ठीक आला तरी लक्षणे ठळक असल्यास तपासणी पुन्हा करावी लागते.

आकडा वाचताना एक सावधगिरी बाळगायला हवी, आणि ती कपाच्या खोक्यावर कुठेही लिहिलेली नसते. एका पाळीत 80 मिलिलिटरपेक्षा जास्त रक्त जाणे म्हणजे अतिरक्तस्राव, ही वैद्यकातील जुनी मर्यादा शुद्ध रक्ताची आहे, आणि कपात साचणाऱ्या स्रावात रक्ताचा वाटा साधारण निम्म्याच्या आसपास असतो; बाकीचा भाग इतर द्रवांचा आणि ऊतींचा. त्यामुळे कपातील बेरीज 90 आली म्हणून लगेच घाबरू नये, आणि ती 200 च्या पुढे जात असेल तर ‘आमच्याकडे असेच असते’ म्हणून गप्पही बसू नये. आकड्याच्या जोडीला इतर खुणाही लिहाव्यात: सात दिवसांपेक्षा लांबणारी पाळी, तासा-दोन तासांत भिजणारा पॅड, एक रुपयाच्या नाण्याएवढ्या किंवा त्याहून मोठ्या गाठी, लहानपणी वारंवार फुटणारा घोळणा, दात काढल्यावर न थांबलेले रक्त.

उपचार सुरू झाल्यावर कपाचा दुसरा उपयोग माझ्या लक्षात आला. पाळीच्या जड दिवसांत ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड हे रक्तस्राव कमी करणारे औषध घ्यायला सांगितल्यानंतर दुसऱ्या दिवसाची बेरीज जवळजवळ निम्म्यावर आली, आणि औषध लागू पडते आहे हे मला ‘बरे वाटते’ या मोघम शब्दांऐवजी आकड्यांत दाखवता आले. त्याच भेटीत पाळीच्या दुखण्यासाठी घरोघरी घेतली जाणारी मेफेनॅमिक अॅसिडची गोळी माझ्या पर्समधून निघाली. ती आणि आयब्युप्रोफेन प्लेटलेट्सचे काम मंदावतात, तेव्हा अशा विकारात डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नयेत, दुखले तर पॅरासिटामॉल घ्यावे, असे मला तिथे समजले. कंबरेत लोहाचे इंजेक्शन टोचून घेण्याआधीही असाच प्रश्न विचारावा, कारण स्नायूत टोचलेल्या सुईने आत रक्त साचू शकते.

कपाचे दोष मी मोकळेपणाने मांडते. खुणा त्याच पारदर्शक सिलिकॉनच्या, किंचित उंचावलेल्या असतात, त्यामुळे स्वच्छतागृहातील पिवळट दिव्याखाली त्या दिसता दिसत नाहीत. रंगीत रेषांचा कप मिळाला तर तोच घ्यावा. खोक्यावर छापलेली क्षमता पुष्कळदा काठापर्यंतची असते, परंतु काठाखाली हवेसाठी छिद्रे असतात आणि स्राव तिथवर पोहोचला की गळती सुरू होते, म्हणून खरी क्षमता छिद्रांपर्यंतचीच धरावी. गाठी रेषेवर नीट बसत नाहीत, त्यांचा अंदाजच करावा लागतो. हिंजवडीला बसने जाताना, वाहतूक तुंबलेली असताना, कपाने मला पॅडपेक्षा कितीतरी निर्धास्त ठेवले आहे. मात्र ऑफिसात बेसिन संडासाच्या दाराबाहेर असल्यामुळे पाण्याची छोटी बाटली आत न्यावी लागते. बारा तासांपर्यंत कप ठेवता येतो हे खोक्यावरील वाक्य आमच्यासारख्यांच्या पहिल्या दोन-तीन दिवसांना लागू पडत नाही. पाळी सुरू होण्यापूर्वी आणि संपल्यावर तो उकळून घेणे मात्र सर्वांनाच बंधनकारक आहे.

गर्भाशयात हार्मोनचे साधन बसवलेल्या स्त्रियांनी विशेष काळजी घ्यावी. अतिरक्तस्रावावर ते साधन फार गुणकारी ठरते, पण कप ओढून काढताना त्याचा दोरा सोबत येऊन ते सरकू शकते; कपाचा तळ चिमटीत दाबून आधी आतली हवेची पकड सोडवावी, आणि ते साधन बसवणाऱ्या डॉक्टरांशी कपाविषयी अगोदर बोलून घ्यावे.

शाळकरी मुलींसाठी मी कप सुचवत नाही. माझी भाची तेरा वर्षांची आहे. ‘मावशी, मला ते नको,’ असे ती स्पष्ट म्हणाली आणि तिचे म्हणणे तिथेच मान्य झाले. तिच्यासाठी पॅडचा तक्ता आहे: हलका डाग असलेल्या पॅडला 1, मध्यम भिजलेल्याला 5, पूर्ण भिजलेल्याला 20, लहान गाठीला 1 आणि मोठ्या गाठीला 5 गुण, आणि एका पाळीची बेरीज 100 च्या पुढे गेली तर तपासणी. हा तक्ता 1990 पासून वापरात आहे, त्याला एक पैसा लागत नाही, आणि रक्तविकाराची शंका असलेल्या मुलीच्या कपाटाच्या दाराला आतून तो चिकटवलेला असावा असे मला मनापासून वाटते. किशोरवयात पाळी अनियमित असतेच, असे म्हणून दोन-तीन वर्षे वाट पाहण्याचा सल्ला अशा मुलीला देऊ नये. तेवढ्या काळात शरीरातील लोहाचा साठा संपतो, आणि हिमोग्लोबिन ठीक दिसत असतानाही मुलगी वर्गात डोके टेकवून बसते. म्हणून लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिनही तपासून घ्यावे.

बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत कप वापरता येत नाही, आणि आमच्या विकारात नेमका तोच काळ जोखमीचा असतो. गरोदरपणात वाढलेली घटकाची पातळी प्रसूतीनंतर काही दिवसांत पुन्हा खाली येते, आणि आई बाळाला घेऊन घरी परतल्यावर, कधी दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातही, रक्तस्राव अचानक वाढू शकतो. त्या दिवसांत स्वयंपाकघरातील डिजिटल वजनकाटा कपाचे काम करतो. कोरा पॅड आधी तोलून ठेवावा, वापरलेला पॅड पिशवीत घालून तोलावा, वजनातील फरक जितके ग्रॅम तितके मिलिलिटर धरावेत, आणि आकडे वाढू लागले तर बारशाची गडबड बाजूला ठेवून त्याच दिवशी रक्तविकारतज्ज्ञांना कळवावे.