देऊळ, किल्ला आणि घुमट: सोलापूरहून फिरायला निघताना बायकांनी कोणते बूट घ्यावेत?

सोलापूरच्या आसपासचं फिरणं निम्मं देवळात होतं आणि निम्मं दगडांवर. सकाळी अक्कलकोट, तिथून गाणगापूर. नाहीतर तुळजापूरचं दर्शन आणि परतताना नळदुर्गचा किल्ला. दोन दिवस हाताशी असले तर विजापूरचा गोल घुमट, चार दिवस असले तर हंपी किंवा वेरूळ-अजिंठा. अशा दिवसात बूट अनेकदा काढावे-घालावे लागतात, मधे एसटीत किंवा गाडीत पाय लोंबकळून सुजतात आणि पायाखाली कधी फरशी, कधी झिजून गुळगुळीत झालेल्या पायऱ्या, तर कधी सैल खडी येते. बागेतल्या सपाट ट्रॅकवर रोज तासभर चालायला घेतलेला बूट इथे पुरा पडेलच असं नाही.

निकाल आधीच सांगून टाकू. एकच जोड घ्यायचा असेल तर जाळीच्या कापडाचा, मागची टाच कडक असलेला, खाली खऱ्या रबराचा तळ असलेला नाडीचा बूट घ्या आणि त्याची नाडी बदलून इलॅस्टिकची लॉकवाली नाडी घाला. ही नाडी शंभर-दोनशे रुपयांत मिळते. एकदा मापाला ओढून ठेवली की बूट बिननाडीच्या स्लिप-ऑनसारखा काढता-घालता येतो, आणि उतरणीला लॉक दाबून आवळताही येतो. मऊपणा चौथ्या क्रमांकावर.

दुकानात मात्र मऊपणाच पहिला दाखवतात. नवी पेठेत कुठल्याही दुकानात शिरा, बूट हातात देत "ताई, दाबून बघा, मेमरी फोम आहे" हे वाक्य ऐकू येतंच. मेमरी फोम अंगठ्याने दाबून छान लागतो, कारण तो दबण्यासाठीच केलेला असतो. स्वस्त बुटात त्याचा थर पातळ असतो, अंगाचं वजन पडल्यावर तासाभरात चपटा होतो, आणि मग पाय थेट खालच्या तळावर. वर तो घाम आणि उष्णता धरून ठेवतो. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जाणाऱ्या गावात हे लक्षात घ्यायला हवं. खरा आधार आतल्या गादीखालच्या जाड थराचा असतो. तो बहुतेक बुटांत ईव्हीए नावाच्या फोमचा असतो. बाजूने अंगठा रोवून पाहिला की तो थोडा दबून लगेच वर यायला हवा. खड्डा तसाच राहिला तर तो थर एका मोठ्या सहलीतच चपटा होईल.

पारखायच्या आणखी तीन गोष्टी हातानेच कळतात. बूट टोकाला आणि टाचेला धरून वाकवा: तो बोटांच्या मुळाशी वाकला पाहिजे, मधोमध घडी पडली तर तळव्याला आधार नाही. मग फडकं पिळतो तसा पिळून बघा. थोडा पिळ चालेल, पूर्ण पिळला गेला तर खडीवर घोटा मुरगळायची भीती. तिसरं, टाचेची मागची बाजू दोन बोटांत दाबा. ती दबून आत गेली तर टाच आत सरकत राहणार आणि फोड तिथेच येणार.

तळ उलटा करून बघायला बायका सहसा विसरतात, आणि दुकानदार तर आपणहून दाखवतच नाही. टाच आणि पुढच्या चवड्याखाली वेगळ्या रंगाचे, हाताला जड आणि चिकट लागणारे रबराचे तुकडे असतील तर उत्तम. सगळा तळ एकाच हलक्या फोमचा असेल, नख रुतत असेल, तर तो टाचेच्या बाहेरच्या कडेला लवकर झिजतो आणि ओल्या फरशीवर घसरतो. पावसाळ्यात नळदुर्गला धबधबे बघायला जायचं आणि खाली फोमचा तळ, हे जुळत नाही. उथळ, एकमेकींना छेद देणाऱ्या बारीक रेषांची नक्षी ओल्या दगडावर धरते. मोठे खोल दात ट्रेकसाठी ठीक, पण त्यांत आपली काळी माती भरून बसते आणि देवळाच्या दारात बूट झटकत उभं राहावं लागतं.

आता प्रकारवार.

मोज्यासारख्या विणीचे स्लिप-ऑन सध्या सगळ्यात जास्त खपतात. देवदर्शनाला ते सोयीचे, यात वाद नाही. अडचण टाचेची. मागची बाजू मऊ असली की घाईत ती चेपून पाय घातला जातो, काही दिवसांत तिची घडी पडते आणि बुटाची चप्पल होते. म्हणून स्लिप-ऑन घ्यायचाच तर मागे साच्यातली कडक टाच असलेला घ्यावा. स्केचर्सच्या 'स्लिप-इन्स' प्रकारात ती आहे. उभ्याने, हात न लावता पाय आत जातो. गुडघे दुखणाऱ्या किंवा साडीत वाकायला नको वाटणाऱ्या बाईला ही सोय पैशाच्या मोलाची आहे. पण किंमत साधारण पाच ते सात हजारांच्या घरात. आणि आवळायला नाडी नाही, त्यामुळे पायऱ्या उतरताना पाय पुढे सरकतो. अरुंद, उभ्या दगडी जिन्यांवर हे जास्त जाणवतं. चढताना काही वाटत नाही, उतरताना प्रत्येक पायरीला नखं पुढच्या टोकावर आपटतात. सैल मापाच्या स्लिप-ऑनमध्ये अंगठ्याचं नख काळंनिळं पडतं ते असंच.

कॅम्पस, स्पार्क्स, एशियन, बाटाचा पॉवर या नावांचे लेडीज स्पोर्ट शूज साधारण आठशे ते दोन हजारांत मिळतात, आणि वर्षातून दोन-तीन सहली करणाऱ्या बाईला तेवढे पुरतात. यांत मॉडेल-मॉडेलमध्ये मोठा फरक असतो, म्हणून नाव बघून न घेता वरच्या सगळ्या परीक्षा प्रत्येक जोडाला लावाव्यात. आतली गादी साधी असेल तर चारशे-पाचशे रुपयांची वेगळी गादी टाकता येते. फक्त मूळची गादी काढून मग टाका. एकावर एक ठेवली की टाच बुटाबाहेर येते.

धावण्याचे महागडे, खाली चार-चार सेंटिमीटर फोम असलेले बूट हल्ली रंगांमुळे आवडतात. डांबरी रस्त्यावर झकास. पण हंपीच्या खडकांवर किंवा वेरूळच्या उंचसखल पायऱ्यांवर तेवढा उंच मऊ तळ डुगडुगतो. दिसायला दहापैकी नऊ, पर्यटनाला पाच.

मागे पट्टा असलेले फ्लोटर सँडल पावसाळी सहलीला बुटापेक्षा बरे, लवकर वाळतात. कोरड्या दिवसांत मात्र खडे आत शिरतात, आणि टाचांना भेगा असतील तर त्या धुळीने आणखी वाढतात. बेली, पातळ तळाचे कॅनव्हास आणि कोल्हापुरी यांना एका वाक्यात निकालात काढू: फोटोपुरत्या पिशवीत ठेवा, दिवसभर पायात नको.

आता मापाबद्दल. बहुतेक पायदुखी इथेच विकत घेतली जाते. यूके, यूएस आणि युरोपियन आकडे कंपनीगणिक इकडेतिकडे होतात. २४ सेंटिमीटरच्या पावलाला एक कंपनी यूके ४ म्हणते, दुसरी ५. त्यामुळे "मला पाच नंबर लागतो" या वाक्यावर विसंबू नये. संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना, भिंतीला टाच टेकवून कागदावर उभं राहा, सगळ्यात लांब बोटापुढे सरळ उभी पेन्सिल धरून खूण करा. दोन्ही पावलं मोजा, मोठं धरा. डब्यावर बारीक अक्षरात सेंटिमीटरचा आकडा असतो, तो या मापाइतका किंवा अर्धा सेंटिमीटर जास्त हवा. घालून उभं राहिल्यावर बोटांपुढे साधारण एक सेंटिमीटर जागा राहिली पाहिजे.

लांबी बरोबर असूनही करंगळी दाबली जात असेल तर प्रश्न रुंदीचा आहे. एक नंबर मोठा घेणं हा त्यावर उपाय नाही, कारण मग टाच निसटते. बायकांचे बूट त्याच लांबीच्या पुरुषी बुटापेक्षा अरुंद साच्यावर बनतात. पाऊल रुंद असेल किंवा अंगठ्याच्या मुळाशी हाड वाढलेलं असेल तर 'वाइड' मॉडेल मागावं, ते नसलं तर सरळ मुलांच्या विभागात जावं. यूके आकड्यांत बायकांचं आणि पुरुषांचं माप एकाच पट्टीवर चालतं, म्हणून ४ किंवा ५ नंबरचा मुलांचा बूट बसतो. रंग काळा-निळा मिळेल एवढंच. त्यात टाच सैल वाटली तर सगळ्यात वरच्या दोन जवळजवळच्या भोकांतून नाडीचा छोटा फास करून त्यातून समोरची नाडी ओवावी. टाच जागेवर बसते. ही जादाची भोकं त्यासाठीच असतात.

जोडव्यांचा विचार बूट बनवणाऱ्यांनी केलेला नसतो, तो आपणच करायचा. मासोळी किंवा खड्याची उंच जोडवी असतील तर दुसऱ्या बोटावर बुटाचं वरचं कापड घासतं. विणीच्या कापडाला तिथे बरोबर भोक पडतं, आणि बोटाच्या वरच्या बाजूला भोवरी तयार होते. बूट घ्यायला जाताना रोजची जोडवी घालूनच जा, म्हणजे पुढच्या भागाची उंची कळेल. सहलीपुरती सपाट वळ्याची जोडवी सगळ्यात चांगली. लांबच्या बसप्रवासात पाय सुजतात तेव्हा घट्ट जोडवी रुततात, म्हणून ती थोडी सैल असलेली बरी. पैंजणांचंही तसंच: घोट्याजवळ कडा उंच असलेल्या बुटात पैंजण मधे अडकून त्वचा सोलतं. कडा घोट्याच्या हाडाखाली राहील असा बूट बघा.

साडीवर बूट शोभत नाही ही तक्रार जुनी झाली. बेज, राखाडी, मातकट गुलाबी किंवा मरून रंगाचा, मोठं नाव न छापलेला बूट इरकलीखालीही डोळ्यांना खटकत नाही. पांढरा दिसतो सुंदर, पण आपल्या काळ्या मातीत एका दिवसात त्याची रया जाते. वेल्क्रो मात्र टाळा. काठाचे धागे त्यात अडकून ओढले जातात. आणि साडी बूट घालूनच नेसा. तीन सेंटिमीटरच्या तळाने निऱ्यांची उंची बदलते. अनवाणी नेसून वर बूट चढवले की साडी आखूड दिसते, उलट हिलच्या मापाने नेसलेली साडी सपाट बुटात पायाखाली येते.

मोजे शुद्ध सुती नकोत. सुती मोजा घाम धरून ओला राहतो आणि ओली त्वचा घासली की फोड येतो. नायलॉन किंवा पॉलिएस्टरचं मिश्रण असलेले, टाचेवर जाड विणीचे मोजे घ्या, आणि रोज दोन जोड जवळ ठेवा. उन्हाळ्यात देवळाच्या तापलेल्या अंगणातून अनवाणी जाताना मोजे पायात असले तर तेवढाच आधार, मात्र चालतात की नाही ते तिथे विचारून घ्यावं. अजिंठ्याला चित्रांच्या लेण्यांत बूट बाहेर काढावे लागतात, तिथेही ते कामाला येतात. बूट ठेवायला एक कापडी पिशवी जवळ असू द्या. सारख्या दिसणाऱ्या जोडांच्या ढिगातून आपला शोधणं हे गर्दीच्या दिवशी मोठंच काम असतं.

नवा जोड थेट सहलीला नेऊ नये. दोन आठवडे आधी घ्यावा, पहिले काही दिवस घरात अर्धा तास, मग बाजारहाट, मग सिद्धेश्वर तलावाला फेरी. कुठे लाल होतंय ते याच काळात कळतं. त्या जागी निघायच्या दिवशी सकाळीच औषधांच्या दुकानात मिळणारी कागदी टेप लावावी. फोड आल्यावर लावून फारसा उपयोग नसतो. मधुमेह असलेल्या आणि पायाची जाणीव कमी झालेल्या बायकांनी बूट घालण्याआधी प्रत्येक वेळी आत हात फिरवून खडा नाही ना ते बघावं, आणि रात्री तळवे तपासावेत.

बिघाड सगळ्यात जास्त होतो तो पेस्टिंगचा. स्वस्त बुटाचा तळ फक्त चिकटवलेला असतो, आणि उन्हात बंद गाडीच्या डिकीत राहिला की गोंद मऊ पडून पुढच्या टोकापासून तळ सुटतो. घेतानाच टोकाची फट नखाने तपासा. मोच्याकडून कडेने शिलाई मारून घेतली तर आयुष्य वाढतं, पण तळात हवेची पिशवी असलेल्या बुटाला शिलाई मारू नका, ती फुटते. वर्षानुवर्षं कपाटात पडलेला बूटही सहलीला काढताना सावध असावं: पॉलीयुरेथेनचा तळ न वापरताही हवेतल्या ओलाव्याने आतून कुजतो आणि चालता चालता भुगा होऊन पडतो.

किमतीबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. २२ सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवर जीएसटी ५ टक्के आहे, त्याहून महाग जोडांवर १८ टक्के. म्हणून २७००-२८०० चा जोड आणि २४५० चा जोड यांत खरा फरक बुटाचा की कराचा, हे बिलात बघून घ्या. ऑनलाइन मागवला तर घरातल्या स्वच्छ फरशीवरच घालून पाहावा. तळ मळला की परत घेत नाहीत.

धुताना गादी आणि नाडी काढून, कोमट पाण्यात साबण घालून जुन्या टूथब्रशने घासा. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत, पंख्याखाली वाळवा. गच्चीवरच्या उन्हात ठेवला तर फोम आकसतो, आणि पुढच्या वेळी तोच बूट अर्धा नंबर लहान लागतो.