महात्मा फुले जन आरोग्य योजना: धंतोलीतील एक अनुभव

नागपूरच्या धंतोलीतील एका खासगी रुग्णालयात माझ्या थोरल्या भावाची अँजिओप्लास्टी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झाली. २०२३ च्या शासन निर्णयाने या योजनेची मर्यादा दीड लाखावरून ५ लाख रुपयांवर नेली असून उत्पन्नाची अटही काढली आहे.

योजनेची खरी भिस्त आरोग्यमित्रावर, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या मदतनिसावर असते. आमच्या शिधापत्रिकेवरील आणि आधार कार्डावरील आडनावात एका वेलांटीचा फरक निघाला, तेव्हा कुठला दाखला चालेल हे त्यानेच शांतपणे सांगितले. दुसऱ्या दिवशी दुपारी मंजुरी आली आणि स्टेंटसाठी एक रुपयाही मागितला गेला नाही. रुग्णालयाने मात्र आधीच्या तपासण्यांचे पैसे रोख भरून घेतले व पावती मागताच कच्च्या चिठ्ठीवर बोळवण केली.

देशोदेशींच्या आरोग्यव्यवस्थांची तुलना वाचताना हीच चिठ्ठी आठवते. जागतिक आरोग्य संघटनेने २००० साली १९१ देशांची क्रमवारी लावली, तीत फ्रान्स पहिला, अमेरिका ३७ वी आणि भारत ११२ वा होता. अमेरिका सकल देशांतर्गत उत्पादनाच्या (जीडीपी) सुमारे १७ ते १८ टक्के रक्कम आरोग्यावर खर्च करते, तर आपला एकूण खर्च २०२१-२२ मध्ये ३.८३ टक्के होता. पण एवढ्यावरून आपल्याला काटकसरी म्हणणे भाबडेपणाचे ठरेल, कारण त्यातील ३९.४ टक्के पैसा थेट रुग्णांच्या खिशातून गेला. शिवाय स्ट्रेचर ढकलणारा, रक्ताचे नमुने पोहोचवणारा आणि रात्री खाली जाऊन औषधे आणणारा नातेवाईक कुठल्याच खात्यात धरला जात नाही. भंडारा-गोंदियाहून आलेल्यांची बुडालेली मजुरी तर सोडूनच द्या.

ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत बिलाची खिडकीच नसते, हे खरे. पण नियोजित उपचार ९२ टक्के रुग्णांना १८ आठवड्यांच्या आत मिळावेत, हे इंग्लंडमधील उद्दिष्ट २०१६ पासून गाठता आलेले नाही. आमचे काम आठवडाभरात झाले. वेगाच्या बाबतीत त्यामुळे योजनेला पूर्ण गुण द्यावे लागतील, पारदर्शकतेत मात्र काठावर पास.

एकूण पाचपैकी साडेतीन तारे. जाणाऱ्यांनी दोन्ही कागदांवरील नावे आधी जुळवून घ्यावीत आणि कुठल्याही तपासणीचे पैसे भरण्यापूर्वी आरोग्यमित्राला गाठावे.