नांदूरमध्यमेश्वरला जाताय? मग चापडगावचा गाईड घ्याच

नाशिकहून सायखेड्यावरून चापडगावला पोचलं की अभयारण्याच्या गेटपाशी गावातलेच गाईड भेटतात. "पक्षीच तर बघायचेत, आपले आपण बघू" म्हणत बरेच जण तसेच आत जातात. मी म्हणेन, तिकिटासोबत गाईडही घ्या. गोदावरी-कादवा संगमावरची ही जागा जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झाली. पण कुठल्या महिन्यात कुठल्या कडेला काय बघायचं, हे रोज तिथे फिरणाऱ्यालाच ठाऊक असतं.

ऑक्टोबरात पाणी तुडुंब होतं. माझ्या दुर्बिणीत वारकरी (काळे, पांढऱ्या कपाळाचे पाणपक्षी) आणि जांभळ्या पाणकोंबड्याच येत होत्या. आमच्या गाईडदादानं स्कोप, म्हणजे स्टँडवरची मोठी दुर्बीण, पाणगवताच्या कडेला वळवला आणि भुवई बदकांचा थवा दाखवला. या दिवसांत नरसुद्धा मादीसारखाच दिसतो, पांढरी भुवई हिवाळा सरता सरता उमटते. तोवर चेहऱ्यावरच्या गडद-फिकट पट्ट्यांवरून ओळखायचं. हे त्यानं पुस्तकी थाटात न सांगता, एकेक पक्षी दाखवत सांगितलं.

डिसेंबरात तिथेच सगळं बदललेलं. पाणी उतरून चिखल उघडा पडला होता, त्यात शेकाटे लांब लांब पाय टाकत होते. पुढे तलवार बदकं, आणि चोच पाण्याला लावून गोल गोल फिरणारी थापट्या बदकं. तेवढ्यात दादा म्हणाला, "ताई, आता वारकऱ्यांकडे बघा." वर दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी येत होता. पांगलेले वारकरी बघता बघता एकमेकांना खेटून गोळा झाले! हे दृश्य मी एकटी असते तर नक्कीच निसटलं असतं.

सगळ्यात आवडलं ते त्याचं माझ्यासोबत आलेल्या वयस्कर नानांशी वागणं. नानांचे गुडघे धरतात, मनोऱ्याच्या पायऱ्या चढवेनात. दादानं स्टँड खाली आणला, त्यांच्या उंचीला बसवला, "बाबा, सावकाश बघा" म्हणाला आणि चक्रवाक बदकांची जोडी लावून दिली. नानांचा सगळा जन्म गोदाकाठच्या शेतात गेला, तरी तो नारिंगी रंग इतका जवळून त्यांनी कधी पाहिला नव्हता. मागे रांग लागली, नाना डोळा काढेनात, आणि दादानं एकदाही घाई केली नाही.

एका गाडीतल्या मंडळींनी मोठ्यानं गाणी लावली होती. दादानं जाऊन ती शांतपणे बंद करायला लावली. याचे तर वेगळे मार्क द्यायला हवेत.

डिसेंबर-जानेवारीत निफाडची थंडी कडक असते, नानांसारख्यांना कानटोपी हवीच. धुकं असलं तर ते विरेपर्यंत स्कोपमधूनही काही दिसत नाही, पण ऊन चढल्यावर पाण्यावरची हवा थरथरते, म्हणून मधले दोन तास हातचे घालवू नका. डबा घरूनच न्या. आणि निघण्याआधी पाणी किती आहे ते विचारून घ्या: चिखल उघडा नसेल तर शेकाटे फारसे दिसणार नाहीत.