आठ महिने 'हॅन्ड. कॅनॉट. इरेज.' ऐकल्यावर

ब्रिटिश संगीतकार स्टीव्हन विल्सनच्या या रॉक अल्बमवर पहिल्याच आठवड्यात लिहायला बसलो असतो तर निम्मा मजकूर 'रिग्रेट नंबर नाइन' या एका ट्रॅकवर खर्ची पडला असता. त्यात शब्द नाहीत, नुसते दोन सोलो. आधी ॲडम होल्झमनचा मूग सिंथ, म्हणजे कीबोर्डवर वाजणारं इलेक्ट्रॉनिक वाद्य, आणि मग त्याच्या हातून सूर अलगद उचलून घ्यावा तशी गथ्री गोव्हनची गिटार. ते आजही तेवढंच भिडतं. पण आठ महिन्यांनंतर मी अल्बम लावतो तो 'हॅपी रिटर्न्स' या गाण्यासाठी.

त्यासाठी मागची हकिकत माहीत हवी. लंडनच्या वुड ग्रीन भागात जॉयस कॅरल व्हिन्सेंट ही 38 वर्षांची बाई एका खोलीच्या घरात एकटी राहायची. 2003 च्या डिसेंबरात ती तिथेच वारली असावी. कळलं 2006 च्या जानेवारीत, भाडं थकलं म्हणून दार उघडलं तेव्हा. टीव्ही चालू होता. जवळच कागदात गुंडाळलेल्या नाताळच्या भेटवस्तू होत्या. तिला बहिणी होत्या, मित्रमैत्रिणी होत्या, चांगली नोकरी करून झाली होती. काही बिलं खात्यातून आपोआप भरली जात होती. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. माझंही भाडं, वीज, इंटरनेट, सगळं ऑटोपेवर आहे.

दिग्दर्शिका कॅरल मॉर्लीने जॉयसवर केलेला 2011 चा माहितीपट पाहून स्टीव्हन विल्सनला हा अल्बम सुचला. तो 2015 च्या फेब्रुवारीत आला. यातली नायिका जॉयस नाही, तिला नावही नाही आणि तिचा मृत्यू कुठे दाखवलेला नाही. मला हे फार मोलाचं वाटतं. विल्सन तिला प्रेत करून मांडत नाही, तिचं जगणं मांडतो. 'परफेक्ट लाइफ'मध्ये तेरा वर्षांच्या मुलीला सहा महिन्यांपुरती एक बहीण मिळते, तीन वर्षांनी मोठी, आणि मग ती दुरावते. हे गायलेलं नाही, एक बाई शांतपणे सांगते. खाली इलेक्ट्रॉनिक ठेका चालू असतो.

'रूटीन' मात्र ऐकायला जड जातं. नवरा आणि मुलं गमावलेली बाई त्यांचे कपडे धूत राहते, इस्त्री करत राहते, त्यांच्यासाठी रांधत राहते. इस्रायली गायिका निनेट तयेब आधी जवळजवळ पुटपुटल्यासारखी गाते, आणि पुढे एका ठिकाणी तोच आवाज किंकाळीपर्यंत चढतो. चढताना घासला जातो, ते घासणं हेडफोनवर स्पष्ट ऐकू येतं. स्वयंपाकघरात काम करता करता लावून पाहिलं, हात थांबला.

सगळंच आवडलं असं नाही. 'ॲन्सेस्ट्रल' तेरा मिनिटांच्या वर जातं आणि शेवटची जड गिटार मला अजूनही लांबलेली वाटते. मार्को मिनेमनचे ड्रम्स नसते तर मी ती पुढे ढकलली असती. शीर्षकगीत सुरुवातीला गुळगुळीत वाटलं होतं. आता वाटत नाही, कारण एवढ्या एकटेपणात प्रेमाचं एक सरळ गाणं हवंच होतं.

'हॅपी रिटर्न्स' हे नायिकेने भावाला लिहिलेलं पत्र आहे. मी मेले असंच तुला वाटलं असेल, असं ती सुरुवातीलाच म्हणते. वर्षं आगगाड्यांसारखी जातात, मी हात हलवते पण थांबत कुणी नाही. मुलांना मी आठवते का, त्यांच्यासाठी भेटवस्तू आणल्यात. आणि मग झोप येतेय, उरलेलं उद्या लिहीन. चाल इतकी मोकळी, गुणगुणण्यासारखी आहे की पहिले दोन महिने मी ती नुसती गुणगुणत होतो. त्या भेटवस्तू कुठल्या, हे एकदा गीतं समोर धरून ऐकताना लक्षात आलं.

पत्र तिथेच सुटतं. नंतर पियानो आणि मुलांचा कोरस, शब्द नाहीत. हा अल्बम शफलवर लावू नका. तासाभराहून थोडा जास्त आहे, तेवढा वेळ काढून पहिल्या ट्रॅकमधल्या खेळणाऱ्या मुलांच्या आवाजापासूनच सुरू करा.