बदामाची पानं की बाटलीची झाकणं?

ऐरोलीत आमच्या गच्चीवर यंदा दोन्हींच्या कलाकृती करून पाहिल्या.

देशी बदामाची पानं गळण्याआधी लालभडक होतात. ती पिवळ्यापासून किरमिजीपर्यंत रंगाच्या क्रमाने लावली आणि बाभळीच्या काट्यांनी टाचली. ब्रिटिश कलाकार अँडी गोल्ड्सवर्दी हेच करतो: पानं, काटे, बर्फ, काम विरघळतं, उरतो फोटो. आमच्या पानांच्या कडा दुसऱ्या दुपारी वळल्या. तिसऱ्या दिवशी तर ती आक्रसताना बारीक कुरकुर ऐकू येत होती, आणि मला तोच दिवस सगळ्यात आवडला. पाचव्या दिवशी चुरा, थेट कुंडीत. सासूबाई म्हणाल्या, "यात नवल ते काय? दारातली रांगोळी रोज पुसतेच की." बिनतोड!

झाकणं आणि ती ओवायला तार भंगारवाल्याकडून किलोवर आणली. घानाचा शिल्पकार एल अनात्सुई दारूच्या बाटल्यांची अ‍ॅल्युमिनियमची झाकणं चेपून, तांब्याच्या तारेने ओवून भिंतभर पडदे करतो. दरवेळी टांगताना त्यांच्या घड्या बदलतात. आमची झाकणं सोड्याची, म्हणजे लोखंडी. भोकं पाडताना बोटं सोलली. वर खाडीचा खारा वारा, त्यामुळे पहिल्या पावसातच भिंतीवर तांबूस ओघळ.

सोसायटीच्या लॉबीत काही लावायचं असेल तर झाकणंच घ्या, पानं तिथे टिकणार नाहीत. पण नश्वरतेबद्दलच बोलायचं असेल तर माझं मत पानांना. झाकणं गंजतात खरी, पण फार आढेवेढे घेत. तार मात्र भंगारवाल्याने परत घेतली.